मजुरी नटाची नाही, स्प्रिंगची

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्याजवळ राहणाऱ्या एका वाचकाकडे २०१५ सालची पेट्रोल स्विफ्ट आहे, ९२ हजार किलोमीटर चाललेली. खड्ड्यातून हळू जाताना पुढे डावीकडे ‘खट-खट’ वाजतं. स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडीचा मागचा भाग दोन-तीनदा झुलतो. गॅरेजवाल्याने चारही शॉकअप बदलायला सांगितलेत. अंदाज असा: पुढच्या जोडीचे ५,२०० रुपये, मागच्या जोडीचे ३,२००, मजुरी पुढची ३,२०० आणि मागची १,६००. एकूण १३,२००. वाचकाकडे गोटी पान्यांचा संच आणि दोन टनी ट्रॉली जॅक आहे, बाइकची सर्व्हिसिंग ते घरीच करतात. मजुरीचे ४,८०० वाचवावेत असा त्यांचा विचार आहे. वडील म्हणतात, “चाकाबिकाच्या कामात हात घालू नकोस.” मित्र म्हणतो, “चार नट तर आहेत.” कोणाचं ऐकायचं?

उत्तर:

तुमच्या पत्रात तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींना तुम्ही एकच नाव दिलंय. ते नाव गॅरेजवाल्याने दिलं, तुम्ही ते तसंच पुढे धरलंत. म्हणून बदलायचे कुठे, घरी की गॅरेजला, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. बदलायचं नक्की काय, ते आधी बघू.

गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगला नाचू न देण्याचं. आतल्या पिस्टनला बारीक भोकं असतात, त्यांतून तेल रेटलं जातं आणि हालचाल मरते. म्हणून शॉकअप गेला की गाडी झुलते, बोटीसारखी डुलते, ब्रेक मारल्यावर नाक खाली घालते. गाडी एका बाजूला बसली असेल तर शॉकअपला दोष देऊ नका, तिथे स्प्रिंग तुटलेली किंवा दमलेली असते. आणि हळू वेगात बारीक खड्ड्यांवर कोरडं ‘खट-खट’ वाजत असेल, तर शॉकअपच्या आधी संशय घ्यायचा तो लिंक रॉडचा. मग स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीच्या, वरच्या माउंटिंगचा, मग लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हाताच्या, रबरी बुशचा.

तुमची मागची तक्रार शॉकअपचीच वाटते. पुढची तशी वाटत नाही.

हे तपासायला गाडी उचलावीही लागत नाही. सपाट जागी उभी करा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा म्हणजे चाकामागे हात जाईल. स्ट्रटपासून खाली अँटीरोल बारकडे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याकडे) जाणारी बोटाएवढी जाड सळई दिसेल, तिच्या दोन्ही टोकांना रबरी टोपीतला छोटा बॉल जॉइंट असतो. तो लिंक रॉड. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. आता दोन बोटं त्या जॉइंटवर ठेवा आणि दुसऱ्याला छताची कड धरून गाडी डावी-उजवी हलवायला सांगा. जॉइंट सैल असेल तर बोटाला ‘टिक’ असा झटका लागतो, कानाला ऐकू येण्याच्या आधी. ही चाचणी एकच चाक उचलून करू नका. तेव्हा बार पिळलेला असतो, लिंक रॉड ताणात राहतो आणि सैल जॉइंटही घट्ट वाटतो.

माउंटिंगसाठी बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोकावर तळहात ठेवा. काही गाड्यांत ते वायपरखालच्या प्लास्टिकच्या पट्टीखाली दडलेलं असतं, तर पट्टी काढावी लागते. दुसऱ्याने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. हाताखाली अडकत-अडकत फिरल्यासारखं वाटलं किंवा स्प्रिंग ‘टणक’ करून सुटली, तर वरचं बेअरिंग गेलंय.

शॉकअप स्वतः बघताना तो कितपत ओला आहे ते महत्त्वाचं. आत-बाहेर होणाऱ्या दांड्याजवळ तेलाचा पातळसा थर आणि त्यावर बसलेली धूळ, एवढं चालतं. ओघळ खालपर्यंत आला असेल, बोट लावल्यावर तेलाने माखत असेल, तर तेल अडवणारं सील गेलं. गाडीचा कोपरा तीनदा दाबून सोडायची जुनी चाचणी अर्धीच खरी आहे: गाडी पुन्हा झुलली तर शॉकअप नक्की गेला, पण झुलली नाही म्हणजे चांगला असं नाही. हाताने दाबण्याचा वेग खड्ड्याच्या मानाने फारच कमी असतो. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. पृष्ठभाग ठिकठिकाणी चढ-उतार असल्यासारखा लागत असेल, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नव्हतं असं समजा.

८० हजार किलोमीटरला शॉकअप बदला, असं सर्रास सांगितलं जातं. तो आकडा नीट तपासून बघण्याची वेळ म्हणून धरा. रोज खडीच्या रस्त्यावर चालणारी गाडी त्याच्या आधी शॉकअप खाते, द्रुतगती मार्गावर चाललेली पुढे निभावते.

समजा तपासलंत आणि शॉकअप खरंच गेलेत. तुमचा मित्र ‘चार नट’ म्हणतो ते मागच्या बाजूला जवळपास खरं आहे, पुढच्या बाजूला अजिबात नाही. तुमच्या गाडीत मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. शॉकअप काढताना स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. पुढे मात्र मॅकफर्सन स्ट्रट आहे. तिथे स्प्रिंग शॉकअपच्याच अंगावर दाबून बसवलेली असते आणि वरच्या मधल्या एका नटाने ती कोंडलेली असते. स्ट्रट गाडीतून बाहेर काढल्यावरही त्या स्प्रिंगमध्ये शे-दोनशे किलोचा ताण शिल्लक असतो. स्प्रिंग न दाबता तो नट काढला तर माउंटिंग, वॉशर आणि नट सगळं गोळीसारखं उडतं. हनुवटी, डोळा, बोटं, जे वाटेत येईल ते जातं.

गॅरेजवाला पुढच्या कामाचे दुप्पट पैसे मागतो ते या एका नटासाठी.

म्हणून माझं मत असं: मागचे दोन घरी करा, पुढचे गॅरेजला द्या. तुम्हाला यात अर्धवटपणा वाटेल, पण हिशोबही हेच सांगतो. चारही घरी करायचे तर तुम्हाला उचललेली गाडी टेकवायला जॅक स्टँडची जोडी, नट ठरावीक जोराने आवळायला टॉर्क रेंच आणि स्प्रिंग दाबून धरायला स्प्रिंग कंप्रेसर घ्यावा लागेल. साधारण १,८००, २,६०० आणि १,४०० धरले तरी ५,८०० होतात, वाचतात ४,८००. शिवाय पुढचं काम केल्यावर व्हील अलाइनमेंटसाठी (चाकांचे कोन जुळवून घ्यायला) कोणाच्या तरी दारात जायचंच आहे. मागच्या दोघांत मजुरी वाचते १,६०० आणि स्टँडला लागतात १,८००, म्हणजे जवळपास फिटंफाट. टॉर्क रेंच जमलं तर उसनं आणा. विकत घेतलंत तरी ते चाकाच्या नटांपासून स्पार्क प्लगपर्यंत कायम उपयोगी पडतं. हौस आणि शिकणं याची किंमत वेगळी धरा, ती मी नाकारत नाही. फक्त तिला बचत म्हणू नका.

स्प्रिंग कंप्रेसरबद्दल दोन शब्द, कारण हे वाचूनही कोणीतरी ऑनलाइन मागवणारच. हुकासारखे आकडे असलेला स्वस्त जोड येतो. लहान हॅचबॅकच्या स्प्रिंगला त्याचे आकडे नीट बसत नाहीत, वेटोळ्यावरून सरकतात. एक बाजू जास्त आवळली गेली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा सुटतो. वापरायचाच असेल तर आकडे बरोबर समोरासमोर लावा, आट्यांना ग्रीस लावा, दोन्हीकडे आळीपाळीने दोन-दोन फेरे द्या. इम्पॅक्ट गन लावू नका आणि स्ट्रटचं तोंड माणसाकडे कधीही ठेवू नका. स्प्रिंग माउंटिंगपासून हाताने हलण्याइतकी सुटल्याशिवाय मधल्या नटाला पाना लावायचा नाही.

आता मागचं काम. आदल्या रात्री चारही नट-बोल्टना गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. कोकणातली किंवा गोव्यातली गाडी असेल तर सलग दोन रात्री मारा, खाऱ्या हवेत खालचा बोल्ट बुशच्या लोखंडी नळीला धरून बसतो. जागा काँक्रीटची आणि सपाट हवी. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर स्टँडखाली जाड प्लायचा तुकडा टाका, डांबरावर उन्हाळ्यात स्टँड रुततो. आणि एक गोष्ट बाइकवाल्यांच्या लक्षात येत नाही: मागची चाकं उचलली की हँडब्रेक निकामी, कारण तो मागच्याच चाकांना लागतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा.

उचलण्याआधी टेपने एक माप घ्या. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर कमानीच्या कडेपर्यंत किती सेंटिमीटर आहे ते दोन्ही बाजूंचं लिहून ठेवा. याचा उपयोग शेवटी होईल.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा. मग उचला, गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी स्टँड लावा, चाक काढा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, स्टँड दगा देईल तेव्हा तेच वाचवतं. गाडीबरोबर आलेल्या कात्री जॅकवर कोणीही खाली शिरू नये, मिनिटभरही नाही.

आता ट्रॉली जॅक बीमखाली, काढायच्या शॉकअपजवळ लावा आणि शॉकअप किंचित दबेल एवढाच उचला. ही पायरी बरेच जण गाळतात. चाक लटकलेलं असताना बीमला आणखी खाली जाऊ न देण्याचं काम शॉकअपच करत असतो. आधार न देता खालचा बोल्ट काढला की बीम धपकन उतरतो, ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो आणि स्प्रिंग जागेवरून निसटते. त्याच कारणाने दोन्ही बाजू एकदम सोडू नका. एक पूर्ण करा, मग दुसरी.

वरचा नट काही गाड्यांत डिकीच्या आतल्या कव्हरमागे असतो, काहींत चाकाच्या कमानीतून दिसतो. वॉशर आणि रबराचा क्रम काढण्याआधी मोबाइलवर टिपून घ्या. नट फिरवताना दांडाही त्याच्याबरोबर फिरतो, म्हणून टोकाला दिलेल्या चपट्या भागाला छोटा पाना लावून तो धरायचा. पक्कडीने चकचकीत दांडा धरायचा मोह होतो. जुन्याला धरलंत तर एक वेळ चालेल, तो भंगारातच जायचाय. नव्याला धरलंत तर दांड्यावरचा ओरखडा महिन्याभरात सील फाडतो आणि दुकानदार वॉरंटी देत नाही.

नवा शॉकअप खोक्यात आडवा पडून आलेला असतो, आत हवेचे बुडबुडे तेलात शिरलेले असतात. बसवण्याआधी तो उभा धरून पूर्ण आत, पूर्ण बाहेर असा चार-पाच वेळा चालवा. पहिल्या एक-दोन वेळा मधेच पोकळ लागेल, मग सारखा दाब येईल. गॅसवाला असेल तर त्याला दाबून धरणारी पट्टी कापताना चेहरा बाजूला ठेवा, तो आपणहून लांब होतो. हे केलं नाही तर पहिल्या दिवशी ‘नवीनच खराब निघाला’ असा फोन दुकानदाराला जातो.

बसवताना सगळे नट-बोल्ट हाताने लावून घ्या, पण खालचा बुशचा बोल्ट शेवटचा आवळू नका. त्या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लटकलेलं असताना आवळलं तर ते त्याच स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत फाटतं, कुरकुर सुरू होते. म्हणून बीम जॅकने हळूहळू उचला, मघाशी लिहिलेलं माप येईपर्यंत, आणि मग आवळा. माप येण्याआधीच गाडी स्टँडवरून उठायला लागली तर थांबा. चाक लावा, गाडी खाली घ्या आणि लांब एक्स्टेंशन लावून बाहेरूनच आवळा. टॉर्कचे आकडे तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, कोणाच्या व्हिडिओतले नकोत.

पहिल्यांदा करणाऱ्याला दोन्ही बाजूंना मिळून तीन तास लागतील. सुरुवात शनिवारी सकाळी करा. रविवारी दुपारी नटाच्या कडा गोल झाल्या तर सोमवारी ऑफिसला रिक्षा.

पुढच्या कामाकडे वळू. लिंक रॉडच वाजत होता असं निघालं तर तो तुम्ही घरी बदला. स्प्रिंगचा संबंध नाही, दोन नट आहेत, दोन्ही बाजूंचे एकदम घाला. नट फिरवताना बॉलही फिरतो, तो टोकाच्या खाचेत अॅलन की घालून किंवा मागच्या चपट्या भागाला बारीक पाना लावून धरायचा. स्ट्रटही गेले असतील तर गॅरेजकडे जाताना दोन प्रश्न विचारा.

एक: स्प्रिंग कशाने दाबता? स्टँडवर बसवलेला कंप्रेसर दाखवला तर उत्तम. दोरी, साखळी किंवा ‘दोन पोरं उभी राहतात’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा, मजुरी कितीही कमी असो.

दोन: अंदाजात माउंटिंग, बेअरिंग, बम्प स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारं रबर) आणि धुळीचं रबरी कव्हर धरलंय का? तुमच्या पत्रातल्या आकड्यांत यातलं काहीच दिसत नाही. स्ट्रट उघडलेला असतानाच हे घातलं तर वेगळी मजुरी पडत नाही, नंतर पुन्हा उघडावं लागलं तर पूर्ण मजुरी पुन्हा. फाटकं कव्हर ठेवून नवा स्ट्रट बसवला तर तोच चिखल त्याच दांड्यावर बसणार. अलाइनमेंटचे पैसे कोणाचे, तेही आधीच ठरवा. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत थोडी जागा असते, तेवढ्याने चाकाचा कल बदलतो. अलाइनमेंट टाळली तर नवा खर्च टायरवर निघतो.

सुटे भाग स्वतः आणावेत का, असंही बरेच जण विचारतात. पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांची चार दुकानं फिरून पैसे वाचतात हे खरं. पण भाग तुम्ही आणला की बिघाडाच्या दिवशी गॅरेजवाला म्हणतो ‘पार्ट तुमचा’ आणि दुकानदार म्हणतो ‘फिटिंग चुकलं’. घरी बसवायचे ते मागचे तुम्ही आणा, पुढचे गॅरेजलाच आणू द्या आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. जुन्या २८ टक्क्यांनी कोणी हिशोब केला तर बोट ठेवा. रंग देऊन चकचकीत केलेले ‘रिकंडिशन’ शॉकअप कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत. दांडा झिजलेलाच असतो, वर फक्त काळा रंग नवा. आणि नेहमी जोडीनेच बदला. एकीकडे नवा, दुसरीकडे जुना ठेवला तर वळणावर गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते.

एक मधला मार्गही आहे, ज्यांना पुढचंही स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी. स्ट्रट घरी उतरवायचा, मधल्या नटाला हात न लावता गोणीत घालून स्कूटरवरून गॅरेजला न्यायचा, स्प्रिंगची अदलाबदल तिथे करून आणायची आणि घरी बसवायचा. मधला नट जागेवर आहे तोवर स्ट्रट नेताना धोका नाही. पण स्ट्रट सुटल्यावर नकल बाहेर झुकू देऊ नका, तारेने बांधून ठेवा, नाहीतर चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो आणि मग ते काम चार नटांचं राहत नाही. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर आधी क्लिपमधून सोडवा. परत आणलेल्या स्ट्रटमध्ये स्प्रिंगचं टोक खालच्या बशीच्या खाचेत टेकलंय का ते तिथेच बघून घ्या, घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांचं गणित उलटं आहे. तिथे स्प्रिंग आणि माउंटिंगसकट तयार जोडलेला स्ट्रट सहज मिळतो, मजुरी जबर असते, आणि कंप्रेसरची गरजच उरत नाही. तिथले व्हिडिओ बघून तुमच्या मित्राने ‘चार नट’ म्हटलं असावं. आपल्याकडे बहुतेक दुकानांत नुसताच स्ट्रट मिळतो, जुनी स्प्रिंग त्यावर चढवावी लागते.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, हळू. स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन ब्रेकचा पाइप कुठे घासत नाही ना ते बघा. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.

राहिला वडिलांचा मुद्दा. त्यांची भीती पुढच्या स्प्रिंगला लागू पडते, मागच्या शॉकअपला नाही, हे त्यांना गाडीजवळ उभं राहून दाखवता येईल. तसाही लिंक रॉडच्या चाचणीला दुसरा माणूस लागतोच. या शनिवारी सकाळी त्यांना छताची कड धरून गाडी हलवायला सांगा, तुम्ही खाली बोटं ठेवा. ‘टिक’ लागलं तर पुढच्या ८,४०० रुपयांचा निर्णय स्ट्रट कोरडे आहेत की ओले एवढं बघून पाच मिनिटांत होईल.